आजीच्या ओळखीची बाई

४ फेब्रुवारी

मुली,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात जागा घालवत नाही. सांगायचं पुष्कळ आहे आणि मशीनवर एका बाईचा कोट अर्धा उसवून पडलाय.

माझं अक्षर बघून दचकली असशील. फोन केला असता, पण फोनवर मला तुझं निम्मंच ऐकू येणार आणि माझं बोलणं मात्र सगळ्या घराला ऐकू जाणार. म्हणून हे पत्र. उत्तर घरी पाठवू नकोस. कोपऱ्यावरच्या बटणांच्या दुकानाचा पत्ता मागे लिहिलाय. दुकानदार भला माणूस आहे, बटणांच्या पुडीत घालून देईल. पोटात ठेवेल, विचारणार नाही.

आता मुद्दा. तुझ्या नवऱ्याची (आता नवरा नाही, ठाऊक आहे, पण माझ्या तोंडात तेच बसलंय) बदली झालीय. लिफ्टची कंपनी त्याला पार दुसऱ्या टोकाला पाठवतेय. मार्च संपला की तो, मी आणि भिंगरी, आम्ही तिघं निघणार. तो तुला आधी कळवणार नाही. तिकडे पोचल्यावर पत्ता पाठवीन म्हणतो. त्याच्या 'पाठवीन'ला किती अर्थ असतो ते मी तुला काय सांगायचं.

भिंगरीला शाळेत झाडांची पानं जमवून चिकटवायला सांगितलीत. मी म्हटलं, गावाबाहेरच्या निसर्ग उद्यानात नेते तिला. तो हो म्हणाला. तेवीस तारखेला रविवार आहे आणि त्या दिवशी तो कामावर आहे. तू ये.

पण एक अट आहे आणि ती ऐकून तू भडकणार, म्हणून आधीच सांगते, पाणी पी आणि मग वाच. तू आई म्हणून यायचं नाही. माझ्या ओळखीची एक बाई, सहज उद्यानात भेटली, एवढंच. भिंगरीच्या पोटात काही राहत नाही. तिला कळलं की संध्याकाळी तिच्या बापाला कळलं, आणि मग मार्चअखेरीची वाट न बघता तो दुसऱ्याच दिवशी सामान बांधेल.

मला दोघांत उभं राहायची हौस नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण पोर जायच्या आधी तू तिला एकदा बघावंस असं मला वाटतं.

कागदावर उरले नसले तरी,
तुझी सासू


८ फेब्रुवारी

आई,

'तीर्थरूप' लिहायला हात वळला नाही, राग मानू नका. खरं तर 'आई' तरी लिहावं का, यावर बराच वेळ अडले. दुसरं काही सुचलं नाही.

पाणी प्यायले. तरी भडकले.

माझ्याच मुलीला मी ओळखीची बाई म्हणून भेटायचं? कोर्टानं महिन्यातून एक भेट दिली होती. पहिल्यांदा आले तर तिला ताप होता म्हणे. दुसऱ्यांदा परीक्षा. बालवाडीत कसली हो परीक्षा? मग दोनदा दाराला कुलूप. त्या कुलपासमोर जिन्यात बसून राहिले होते मी, आणि तुमच्या शेजारच्या माणसानं मला विचारलं, कुणाकडे आलात? तेव्हापासून माझे पाय तिकडे वळले नाहीत. आणि आता तुम्ही मला अट घालताय.

हे सगळं लिहिलं आणि पत्र बाजूला ठेवून कामाला गेले. आमच्या लॅबमध्ये सध्या कवळ्यांचा ढीग लागलाय. दिवसभर लोकांचे दात घासत बसले आणि एकच विचार करत होते की भिंगरीचे पडले असतील का. पहिला दात मी पाहिला होता, खालचा, तांदळाच्या दाण्याएवढा.

येते मी. अट कबूल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

कुठे, किती वाजता, ते सगळं नीट लिहा. आणि तिला काय माहीत आहे माझ्याबद्दल, तेही लिहा.

तुमची कोण, ते आता तुम्हीच ठरवा


१२ फेब्रुवारी

मुली,

कुलपाचं मला आजच कळलं. तो आम्हाला त्या दोन्ही दिवशी फिरायला नेतो म्हणून घेऊन गेला होता, मला वाटलं पोराला उमाळा आला. आता त्यावर बोलत बसले तर पत्र संपेल.

उद्यानाला एकच फाटक आहे, चुकायचं कारण नाही. आत शिरलं की तळं लागतं. तळ्यावरून फळ्यांचा अरुंद पूल आहे आणि पुलाच्या टोकाला पक्षी बघायची लाकडी खोली. तिथे बोलायला बंदी आहे, म्हणजे आपल्याला बरंच. तू आधी जाऊन खोलीतल्या बाकावर बस. आम्ही अकराच्या सुमारास येऊ. मी म्हणेन, "अगं, तू इकडे कुठे?" तू म्हणायचंस, "मावशी, किती दिवसांनी." मावशीच म्हण. ध्यानात ठेव.

भेटवस्तू आणू नकोस. खाऊ आणायचा तर साधी बिस्किटं, तीही मला दे, मी तिला देईन. तुझा तो निळा अंगरखा घालू नकोस. त्यातला तुझा एक फोटो माझ्या पेटीत आहे आणि पेटी भिंगरीची खेळायची जागा आहे. डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. आलंच तर सर्दी झालीय म्हण.

तिला एवढंच माहीत आहे की आई आहे आणि कामासाठी फार लांब गेलीय. वाईट कुणी काही सांगितलेलं नाही, मी सांगू दिलं नसतं. आता विचारायची पण बंद झालीय. तू गेलीस तेव्हा साडेतीन वर्षांची होती, तुझा चेहरा तिच्या लक्षात असेल असं वाटत नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तिथे जाऊन कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

खालचे दोन पडून नवे आलेत. वरचा पुढचा हलतोय. कुणाला हात लावू देत नाही.

तुझी सासू. ठरवून टाकलं.


१५ फेब्रुवारी

आई,

सगळं पाठ केलं. मावशी, मावशी, मावशी. काल लॅबमध्ये साहेबांनाच मावशी म्हणणार होते.

निळा अंगरखा केव्हाच फाटला.

एकच विचारते. तिनं मला विचारलं, तुला मुलं आहेत का, तर काय सांगू? नाही म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. त्याचं उत्तर लवकर पाठवा, मला त्याच्यावाचून झोप नाही.


१८ फेब्रुवारी

घाईत लिहिते. रविवारी येऊ नकोस. त्याचं काम रद्द झालंय आणि तो म्हणतो, मीपण येतो उद्यानात, पोरीला बदकं दाखवीन. आजवर कधी बदकाकडे मान वर करून पाहिलं नाही त्यानं. त्याला वास लागला की सहजच म्हणाला, काही समजत नाही. माझ्याच मनात चांदणं, म्हणून मला तसं वाटत असेल.

मी सांगितलं, वही सोमवारी द्यायची आहे, चिकटवायला रविवार लागेल, पानं शनिवारीच आणू. म्हणजे बावीस तारीख. शाळा सुटली की तिला परस्पर घेऊन येते. वेळ दुपारी तीनची. तो पाचला घरी येतो, त्याच्या आत मला पोचायला हवं.

सुट्टी मिळेल ना? हे पत्र तुला वेळेत पोचेल ना?

मुलांचं विचारलं तर म्हण, एक आहे. खोटं बोल म्हणून मी तुला सांगितलेलं नाही, फक्त सगळं बोलू नकोस.


२४ फेब्रुवारी

आई,

पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. साहेब सुट्टी देईनात. मी म्हटलं, पगार कापा, आणि निघाले.

काय लिहू? किती वाढलीय. मी आपली चार वर्षांच्या मुलीची वाट बघत बसले होते. तुमच्यामागून ती उंच, गुडघे खरचटलेली, दप्तर पाठीवर उलटं लावलेली मुलगी आली तेव्हा क्षणभर मला वाटलं ही दुसरीच कुणीतरी आहे. मीच तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखावं अशी अपेक्षा मी कुठल्या तोंडानं करू?

आणि तुम्ही काय नाटकी आहात हो. "अगं, तू इकडे कुठे?" एवढ्या मोठ्यानं म्हणालात की तळ्यातली सगळी बदकं उडाली आणि रखवालदार धावत आला. मला हसू आवरेना, त्यामुळे रडू आलं नाही. मुद्दाम केलंत का?

मी दात बनवते म्हटल्यावर तिचे डोळे कसे झाले, पाहिलंत ना. तोंड उघडून म्हणाली, हा बघ, हलतो. कुणाला हात लावू देत नाही म्हणाला होतात. मला लावू दिला, आई. मी बोटानं हलकेच हलवून पाहिला. मागून नवा डोकावतोय, जरा तिरका आहे पण सरळ होईल, काळजी करू नका. ते बोट मी बसमध्ये बसेपर्यंत मुठीत धरून ठेवलं होतं. वेडेपणा आहे, पण तुम्हाला सांगते.

तिनं विचारलंच मुलांचं. मी म्हटलं, एक आहे. "मुलगी?" हो. "माझ्याएवढी?" हो. मग ती म्हणाली, तिला आणायचं होतंस की. तुम्ही तेव्हाच पान दाखवायला पुढे झालात, उपकार झाले.

परत येताना पुलावर तुमचा पाय घसरला तेव्हा माझा जीवच गेला होता. फळीवर शेवाळ होतं. घोट्याला सूज आली का? शेक घ्या.

पण मी शब्द पाळला. सगळा वेळ मावशी, एकदासुद्धा चुकले नाही. मला माझंच कौतुक वाटलं. आता जायच्या आधी अजून एकदा जमवा. एकदाच. मी पुन्हा काही मागणार नाही.


१ मार्च

मुली,

एकदासुद्धा चुकली नाहीस म्हणतेस. पुलावर मी घसरले तेव्हा माझा दंड धरून तू काय ओरडलीस, आठव.

तुला नाही आठवणार. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. इतकी वर्षं तुझ्या तोंडून ऐकलेलं, कानाला वेगळं लागलंच नाही. परतीच्या बसमध्ये भिंगरीनं पानं मांडीवर लावली आणि मला विचारलं, "आजी, ती बाई तुला आई का म्हणाली?"

मी म्हटलं, अगं, माणूस घाबरलं की म्हणतं, 'आई गं'. ती म्हणाली, "आई गं नाही. 'आई, जपून' म्हणाली. तुला आई फक्त बाबा म्हणतात."

इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी मी म्हटलं, मी तिचीही आईच आहे. हे तरी खोटं नव्हतं. तिनं जरा विचार केला आणि एकदम खूश होऊन म्हणाली, "म्हणजे ती माझी आत्या." नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि बसमध्ये माणसं होती. आत्या तर आत्या, म्हटलं घरी गेल्यावर काढू समजूत.

पण घरी तो आमच्या आधीच येऊन बसला होता. पोरीनं दारातच सांगितलं, "बाबा, आत्या भेटली. ती दात बनवते. माझा दात तिनं हलवून पाहिला."

त्यानं तिला हात धुवायला पाठवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आई, मला बहीण कधी झाली?"

मी सगळं सांगितलं. बटणांची पुडीसुद्धा काढून दाखवली. आरडाओरडा करेल म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या, पण तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी सवाई ओरडले असते. पाच दिवस घरात नुसता चमच्यांचा आवाज. जगाच्या लिफ्टा दुरुस्त करतो आणि स्वतः दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसतो, हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव.

काल बोलला. त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते, माझं काही घालत नाही. तो म्हणाला, "आत्या म्हणून भेटू दे. जायच्या आधी एकदा, आणि तिकडे गेल्यावरही येत जाऊ दे, पत्रं लिहू दे, मी अडवणार नाही. पण आई म्हणून नको. कुलूप मी लावलं, मान्य. पण दोन कुलपांनंतर ती आलीच नाही. आई म्हणून आली, पोरीनं जीव लावला आणि पुन्हा यायची बंद झाली, तर रात्री तिला थोपटत मी बसणार. आत्या यायची बंद झाली तर मूल विसरतं."

मला राग आला. पण तू यायची थांबलीस, ते त्याचं खोटं नाही.

आता तू ठरव. माझं मत विचारशील तर हातचं सोडू नकोस. आज आत्या हो, पुढचं पुढे. सोळा तारखेला रविवार आहे. तोही येईल, फाटकापाशी थांबेल म्हणतो.

घोटा बरा आहे.


६ मार्च

आई,

एवढी मावशी मावशी घोकली आणि शेवटी तोंडातून आईच गेलं. त्याचं वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मी हो लिहिलं. खरंच लिहिलं होतं. 'आत्या तर आत्या, तिचा चेहरा दिसेल, तिचा दात माझ्यासमोर पडेल.' पत्र पेटीत टाकायला निघाले आणि जिन्यातून परत आले.

तुमच्या मुलाचं म्हणणं खरं आहे. मी यायची थांबले. कुलूप त्यानं लावलं, पण पुन्हा जाऊन दार वाजवायचं बंद मी केलं. मला अपमान सोसला नाही. एवढं त्याला सांगा, आणि हेही सांगा की मला भीती वाटते. पुन्हा जमलं नाही तर?

पण आत्या मी होणार नाही.

मी खोटे दात बनवते, आई. लोक येतात, छान बसली म्हणतात, हसून दाखवतात. पण कवळीखालचं हाड हळूहळू झिजत जातं. दरवर्षी जरा जरा. मग एक दिवस तिथे काहीच नीट बसत नाही. आज मी तिची आत्या झाले, तर ती दहा वर्षांची होईपर्यंत मला आई म्हणायची तिच्याकडे जागाच उरणार नाही. आणि मोठेपणी कळेल तेव्हा ती म्हणेल, तुम्ही तिघं मिळून मला फसवत होतात. तुम्हालाही म्हणेल.

सोळा तारखेला मी येते. आई म्हणून येते. तो नको म्हणाला तर फाटकाबाहेर उभी राहीन, तुम्ही आत जा, पानं गोळा करा, मी तिला लांबून बघेन आणि परत जाईन. पुढच्या महिन्यात तुमच्या नव्या गावी येईन आणि तिथे उभी राहीन. कुलूप असलं तर कुलपासमोर. पण दुसऱ्या नावानं तिच्यासमोर यायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

त्याला हे पत्र वाचायला द्या. बटणांच्या पुडीची आता गरज नाही, घरच्या पत्त्यावर पाठवतेय.

भिंगरीची आई


११ मार्च

मुली,

पत्र पोस्टमननं त्याच्याच हातात दिलं. त्यानं उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली, माझ्या मशीनवर ठेवलं आणि कामावर निघून गेला. जेवणाचा डबा विसरून.

संध्याकाळी आला तेव्हा मी भिंगरीच्या फ्रॉकची शिलाई उसवून तो मोठा करत होते. ती खाली बसून टाचण्या वेचत होती. मी त्याला म्हटलं, मी सांगतेय तिला. तुला थांबवायचं असेल तर आत्ता थांबव. तो दारात उभा राहिला. ना हो म्हणाला, ना नाही. गेलाही नाही. मी म्हटलं, माझ्याही वयाला आता कुणाच्या होकाराची वाट बघणं परवडत नाही.

मी सांगितलं. सरळ सांगितलं, गोष्ट वगैरे केली नाही. म्हटलं, उद्यानात भेटली ती आत्या नाही. बाबांना बहीण नाही. ती तुझी आई आहे. तुझी आजी घाबरट, तिनं तुला तेव्हा सांगितलं नाही.

मला वाटलं होतं रडेल, नाहीतर नाचेल. त्या दोन्हीची मी तयारी केली होती. तिनं यातलं काहीच केलं नाही. टाचण्या डबीत टाकल्या, झाकण लावलं. मग बापाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, हो म्हणून. त्याच्यासाठी ते सोपं नव्हतं, मी त्याची आई आहे, मला दिसलं.

तो म्हणाला, रविवारी मीच तिला आत घेऊन येईन. फाटकाबाहेर कुणी उभं राहायचं नाही. एवढंच बोलला आणि आंघोळीला गेला.

तेव्हा ये. निश्चिंत मनानं ये असं मात्र म्हणत नाही, कारण पुढचं ऐक.

रात्री अंथरुणात ती मला म्हणाली, "आजी, ती सकाळच्या बसनं आली होती ना? आणि संध्याकाळच्या बसनं परत गेली?" मी हो म्हटलं. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "तुम्ही तर म्हणायचात फार लांब आहे. लांब म्हणजे एवढंच लांब होतं?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं. तिचा बाप पलीकडच्या खोलीत जागाच होता. रविवारी ती तुला हेच विचारणार आहे, मी तिला ओळखते, पोटात ठेवणारी नाही ती. तू काय सांगशील ते तुझं तू बघ. मी तीन दिवस उत्तर शोधतेय, मला सापडलेलं नाही.

आई